बत्तीस हातांखालचा शिंपला

मुंबईहून आलेल्या माणसाला आमच्या गावात पहिला प्रश्न एकच, काय आणलंस? खाऊचा पुडा सुटेपर्यंत शेजारीण उंबऱ्यावरून हलत नाही. या खेपेला मी पाच दिवसांनी परत आले, पण माझं तोंड बघून कुणी विचारलं नाही. तेव्हा काय आणलं ते आता लिहूनच सांगते. ज्यांनी मुंबई पाहिलेली नाही त्यांना थोडी मुंबईही कळेल. आणि ज्यांना आमच्या यांच्या शिंपल्यांचं नाव काढलं की हसू येतं, त्यांनी पोटभर हसून घ्यावं. आता मला राग येत नाही.

आमचे हे पोस्टमन होते. तीस वर्षं डोंगरवाड्या तुडवल्या. जाताना पिशवीत पत्रं आणि येताना दगड. कुठे ओढ्यात सापडलेला, कुठे खाणीतला, कुठे खाडीकाठचा. प्रत्येकाला नंबर, आणि वहीत नंबरासमोर ठिकाण, तारीख, किती खोल, कोणत्या मातीत. सगळं एका लाकडी पेटीत, ओटीवर. आणि प्रत्येक दगडाला त्याची माती चिकटलेली, तश्शी. तीस वर्षं मी त्या मातीवरून भांडले. म्हटलं, निदान धुऊन तरी ठेवा, माणसं येतात जातात, ओटीवर रोज झाडूभर धूळ. हे म्हणायचे, "राहू दे, धुवायचं नसतं." मी म्हणायची, जेवलेलं ताटही तुम्हाला धुवायचं नसतं. पुरुषमाणसाचा आळस, दुसरं काय, असंच मी धरून चालले. कधी विचारलं नाही की का. हे तुमच्या डोक्यात राहू द्या, पुढे लागेल.

त्या पेटीतला राजा म्हणजे बापूच्या विहिरीतला शिंपला. गावातल्या बापूने टेकाडावर विहीर खणली तेव्हा बत्तीस हात खाली, जांभा संपल्यावर निळसर चिकणमाती लागली. त्या मातीत हा. मुठीएवढा, हातात घेतला तर पाटा-वरवंट्यातल्या वरवंट्यासारखा जड, दगडच झालेला. समुद्र आमच्यापासून चार कोस. हे म्हणाले, समुद्र इथे होता, या टेकाडाच्या पोटात. सगळा गाव हसला. "कुणीतरी खाडीच्या तिसऱ्या खाऊन शिंपा टाकल्या असतील, पोस्टमनांनू." बत्तीस हात खाली बसून कोण तिसऱ्या खातो, हे कुणी विचारलं नाही. यांनी ठरवलं, मुंबईला जाऊन जाणत्याला दाखवायचा, नाव विचारून यायचं. पण आज जाऊ उद्या जाऊ करता करता विहिरीला सिमेंटच्या रिंगा पडल्या, आणि गेल्या श्रावणात यांची उजवी बाजू गेली. बोलणं दोन-चार शब्दांवर आलं. डॉक्टर म्हणाले, दुसरा झटका आला तर काही खरं नाही. त्या दिवसापासून यांचा एकच शब्द, "नाव." डाव्या हाताने पेटीकडे दाखवायचे. "नाव." शेवटी दिराला घरी बसवला, शिंपला मलमलीत गुंडाळला, आणि सोमवारी संध्याकाळी बसमध्ये चढले.

डिलाईल रोड

मंगळवारी सकाळी दादरला उतरले. फुलांच्या बाजारात ढिगांनी झेंडू, शेवंती. आमच्याकडे फूल घरामागच्या परड्यात जाऊन खुडायचं, इथे पाल्यासकट वजनावर. मार्गशीर्षाचे गुरुवार चालू होते, म्हणून गर्दी. एका बाईने माझ्या पायावर पाण्याची बादली रिकामी केली आणि वर मलाच म्हणाली, "बाजूला व्हा ना मावशी." मुंबईचं स्वागत झालं.

माझी नणंद डिलाईल रोडला चाळीत राहते. भाऊजी गिरणीत साचेखात्यात, मागावर होते, ते गेले, मुलगा-सून डोंबिवलीला. वन्सं एकटीच, एक खोली, बाहेर सामाईक गॅलरी. गॅलरीच्या कठड्याला पत्र्याच्या डब्यांत मिरची, कोरफड, आणि एका कुंडीत तुळस. समोर जिथे भाऊजींची गिरणी होती तिथे काचेचा बुरूज उभा आहे. वन्सं म्हणाल्या, "पूर्वी सकाळी सातला ऊन यायचं. आता साडेनऊला येतं, तेही काचेवरून परतून." दुपारी त्यांनी तिसऱ्यांचं सुकं केलं होतं. गावात आम्ही तिसऱ्या शिंपीसकट शिजवतो, इथे त्यांनी अर्धीच शिंप ठेवली होती. म्हटलं, असं का? तर म्हणाल्या, "कचऱ्याच्या गाडीवाला वजनाने शिव्या देतो गो वहिनी." खाता खाता मी त्यांना शिंपला दाखवला. त्यांनी तो कपाळाला लावला. त्यांच्या दादाच्या हातचा होता ना.

बुधवारी मी एका जुन्या कॉलेजात गेले. यांनी कुठूनतरी तिथल्या एका सरांचं नाव काढून ठेवलं होतं. तीन जिने चढले, दोन उतरले, एकाने सांगितलं अर्ज द्या, दुसऱ्याने सांगितलं ते सर आता नसतात. मी त्या दुसऱ्याला म्हटलं, "बाबा, आम्ही डोंगर चढणारी माणसं, जिने चढवून आम्हाला पळवता येणार नाही." शेवटी प्रयोगशाळेतले परब म्हणून एक भेटले. पहिला प्रश्न, गाव कुठलं? सांगितलं तर म्हणाले, माझं आजोळ पलीकडच्या खोऱ्यात. झालं, स्टूल मिळालं, चहा मिळाला. त्यांनी मलमल सोडली, भिंग लावलं आणि शिंपला सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिला. मग चुकचुकत म्हणाले, "वहिनी, हे माझ्या हातचं काम नाही. गिरगावात परेरा मिस राहतात. इथेच शिकवायच्या. शिंपल्यांचं त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही. मी फोन करतो, उद्या सकाळी जा." आणि दारापर्यंत सोडायला आले तेव्हा म्हणाले, "जसं आहे तसं न्या हां. काही करू नका."

आता तुम्हीच सांगा. आपल्याकडे पाहुणा निघाला की यजमान म्हणतो, येताना काही आणू नका हां. म्हणून कुणी रिकाम्या हाताने जातं का? कुणी म्हटलं, राहू दे, असेच या, तर आपण पाय न धुता जातो का? मला वाटलं, परबांचं बोलणं त्यातलंच. सभ्य माणूस, म्हणाला. आपण आपली रीत सोडायची नसते.

संध्याकाळी वन्सं गुरुवारच्या घटासाठी पितळेचा तांब्या, समई, ताम्हन काढून बसल्या होत्या. आमसुलं पाण्यात कोळलेली, मीठ घातलेलं. गावची रीत त्यांनी चाळीस वर्षांत सोडलेली नाही, बाजारची पावडर भांड्याला लावत नाहीत. मी शिंपला पुढ्यात घेतला. निळसर माती सुकून त्याच्या रेघारेघांत बसलेली, तोंडच दिसत नव्हतं. म्हटलं, उद्या शिकल्यासवरल्या बाईच्या घरी हा असा घेऊन जायचा? माझ्या नवऱ्याला काय म्हणतील? खाली वर्तमानपत्र पसरलं आणि जुन्या दातांच्या ब्रशाने आधी सगळी माती झाडली. कोपऱ्यातली सुईने काढली. मग आमसुलाच्या पाण्यात बुडवला. बारीक बुडबुडे यायला लागले. मी वन्संना म्हटलं, "बघा बघा, कसा मळ निघतोय." त्या म्हणाल्या, "दादाने कधी तुला हात लावू दिला नसता." आणि आम्ही दोघी हसलो. रात्रभर तसाच ठेवला, सकाळी काथ्याने घासला. पांढरा, गुळगुळीत, हळद उतरलेल्या नवरीसारखा निघाला. मला इतका आनंद झाला होता. मलमलही धुऊन सुकवली आणि त्यात गुंडाळला.

गिरगाव

गिरगावात मोठ्या रस्त्यावरून एका बोळात वळलं की मुंबई एकदम खाली बसते. लाकडी जिन्यांची दुमजली घरं, गॅलऱ्यांना नक्षी, कोपऱ्यावर क्रूस आणि त्याला झेंडूचा हार. फुलं तीच, दादरची. आपल्या तुळशीवृंदावनासारखाच त्याला चुना लावलेला. एक म्हातारी त्याच्यासमोर झाडत होती, तिलाच विचारलं परेरा मिसचं घर. म्हणाली, "मीच ती. परबने फोन केलेला. ये, वर ये."

पंच्याहत्तरी उलटलेली बाई, फुलाफुलांचा झगा, जाड भिंगांचा चष्मा, आणि मराठी आपल्यासारखंच, मध्ये मध्ये इंग्रजी पेरलेलं. घरभर कपाटं, कपाटांत चपटे खण, खणांत शिंपले. मला आमच्या ओटीवरची पेटी आठवली. मिसने चहा ठेवला, घरचे गोल गोल फुगे पुढे केले. तळलेले, आपल्या घावनापेक्षा जरा गोडसर. पण त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. हात पुसून म्हणाल्या, "दाखव आधी. परब म्हणाला निळी माती आहे, खालची. मला रात्री झोप नाही आली."

मी मलमल सोडली. त्यांनी बघितलं. मग माझ्याकडे बघितलं.

"माती कुठे आहे?"

"झाडली," मी म्हटलं.

त्यांनी तो उचलून खिडकीपाशी नेला, भिंग लावलं, उलटा केला, पुन्हा सुलटा. "हे कशात धुतलंस?"

"आमसुलात," मी सांगितलं. आणि काय सांगू, अभिमानाने सांगितलं. "मीठ घालून, रात्रभर."

त्या खुर्चीवर बसल्या. चष्मा काढला, झग्याच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला. मला वाटलं, बाईला चक्कर आली. मी पाणी विचारलं तर हाताने नको म्हणाल्या. मग हळू आवाजात, पोराला समजवावं तसं त्यांनी मला समजावलं, आणि त्या जर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. शिंपला म्हणजे चुना. आंबट चुन्याला खातं. ते बुडबुडे मळाचे नव्हते, शिंपल्याचे होते. वरच्या बारीक रेघा म्हणजे त्याची सही. आतल्या बाजूला बिजागरी असते तिथे बारीक दात असतात, ते मोजून नाव ठरवतात. रेघा गेल्या, दात झिजले.

"आणि माती?" मी विचारलं.

"मातीत रेतीच्या कणाहून लहान शिंपले असतात, डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांच्यावरून कळतं किती जुनं, समुद्र होता की खाडी. चिमूटभर पुरली असती ग. जांभ्याच्या खाली समुद्राचा शिंपला. माझ्या अख्ख्या आयुष्यात माझ्या हातात असं काही आलं नाही." त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. "तुझा मिस्टर बरोबर असेल. पण आता मी ते सांगू शकत नाही. कुणीही म्हणेल, फुटपाथवर विकत घेतला."

तेव्हा मला 'राहू दे, धुवायचं नसतं' ऐकू आलं. तीस वर्षं ऐकू आलं नव्हतं. मी स्वतःच्या हातांकडे बघितलं आणि मला त्यांची शिसारी आली.

मग एकदम आठवलं. माती वर्तमानपत्रावर झाडली होती! वर्तमानपत्र मी गुंडाळून मोरीपाशी ठेवलं होतं. वन्संच्या घरी फोन केला, उचलेनात. मिस म्हणाल्या, पळ. मी टॅक्सी केली. जन्मात एकटीने टॅक्सी केली नव्हती. सिग्नलला गाडी थांबली की ड्रायव्हरला म्हणायची, "चला ना हो." तो म्हणाला, "मावशी, हॉस्पिटलला चाललात का?" मी हो म्हटलं.

तुळस

वन्संचा घट मांडलेला होता. नवं सोवळं नेसून त्या कहाणी वाचत बसल्या होत्या, म्हणून फोन उचलला नव्हता. मोरीपाशी वर्तमानपत्र नव्हतं. मी धापा टाकत म्हटलं, "वन्सं, काल झाडलेली माती कुठाय?"

त्या हसल्या. किती मायेने हसल्या. "गावची माती कचऱ्यात टाकीन काय मी? तुळशीत घातली. नमस्कार करून घातली. सकाळी पाणी पण घातलं."

अकरा वर्षं त्या गावी आल्या नाहीत, गुडघ्यांमुळे. भावाच्या गावची मूठभर माती हाताशी आली, ती त्यांनी तुळशीला दिली. कोणाला दोष देऊ? मी गॅलरीत गेले. तुळशीला हळदकुंकू वाहिलेलं, उदबत्ती जळत होती. वर काळी नर्सरीची माती, ओली, त्यात निळसर काही दिसतंय न दिसतंय. मी उलथणं घेऊन आले.

वन्सं आडव्या आल्या. "वहिनी, आज गुरुवार. मार्गशीर्षातला. आज पानाला नख लावायचं नाही."

"वन्सं, सरका."

"उद्या काढ. आजचा दिवस."

"उद्यापर्यंत अजून मिसळेल. सरका म्हणते ना!"

असं मी नणंदेला उभ्या जन्मात बोलले नव्हते. त्या सरकल्या. मी वरचा थर काढायला गेले तर मुळं सगळीकडे, उलथणं आत जाईना. शेवटी मी तुळस उपटली. गॅलरीतली माणसं बघत राहिली. वन्सं भिंतीला टेकून रडत होत्या, "दादाच्या परड्यातली म्हणून घातली गो मी, दादाच्या परड्यातली." ती परड्यातली नव्हतीच, बापूच्या विहिरीतली होती, पण ते सांगायला मला तोंड नव्हतं. निळसर दिसलेला कण अन् कण मी एका डब्यात भरला. मग तुळस परत कुंडीत खोचली, पाणी घातलं. ती उभी राहीना. त्या रात्री आम्ही दोघी उपाशीच झोपलो, आणि उपास सोडायला केलेली खीर तशीच राहिली.

पुन्हा गिरगाव, मग लालबाग

शुक्रवारी सकाळी डबा घेऊन मिसकडे. त्यांनी माती पाण्यात निवळवली, गाळली, चिमूटभर काचेवर पसरली, दुर्बिणीसारख्या यंत्राखाली ठेवली. अर्धा तास झाला. मी क्रूसासमोर हात जोडून आले, म्हटलं, तुम्ही या गल्लीचे मालक, तुम्हीच बघा आता. आत आले तर मिस म्हणाल्या, "तू पण बघ."

मी डोळा लावला. विटांचे लाल कण, काचेसारखं चकचकणारं काहीतरी, थर्माकोलचा गोळा, एक केस. कुंकू.

"यात समुद्रातल्या शिंपल्यांचे दोन तुकडे आहेत," मिस म्हणाल्या. "पण नर्सरीवाले खाडीची रेती पण मिसळतात. कुठले ते मला नाही सांगता येत. ही आता सगळ्या मुंबईची माती झाली."

मी मग जे केलं त्याची लाज वाटते, पण लिहिते. मी त्यांचा हात धरला. म्हटलं, "मिस, एक नाव लिहून द्या. कुठलंही. लांबलचक, इंग्रजी. त्यांना काय कळतंय? आजारी माणूस आहे. कागद बघेल, समाधानाने जाईल."

"मला नाही जमणार."

"का? एक ओळ लिहायला काय जातं तुमचं?"

"तीस वर्षं जो माणूस माती न धुता ठेवतो, त्याला खोटं नाव द्यायचं?"

मी भडकले. "सत्याचं लोणचं घाला! शंभर खण भरलेत तुमचे नावांनी, एक नाव द्यायला जीव जातो? माझा माणूस शिमगा बघेल की नाही माहीत नाही, आणि तुम्ही मला शिकवता!" भलतंच बोलले. चष्म्याआड त्यांचे डोळे भरलेले होते. मग त्यांनी एक चिठ्ठी लिहिली, मराठीत, मोठ्या अक्षरात. 'शिंपल्याचा जीवाश्म. बहुधा तिसरीच्या नात्यातला. नाव सांगता येत नाही. काळ सांगता येत नाही. ठिकाण अनिश्चित.'

मी म्हटलं, ठिकाण तरी लिहा. बत्तीस हात, बापूची विहीर. वहीत लिहिलंय त्यांनी. मिस म्हणाल्या, "माझा तुझ्यावर विश्वास आहे ग. पण शिंपल्यावर आता ते लिहिलेलं नाही. विहीर परत खणता येईल का?" रिंगा पडल्यात म्हटल्यावर त्यांनी मान खाली घातली. जिन्यापर्यंत सोडायला आल्या, कागदात चार फुगे बांधून दिले. मी घेतले. नाही म्हणायचंही त्राण नव्हतं.

परतताना लालबागला उतरले, वन्संना मसाला हवा होता. त्या गल्लीत पोत्यांनी मिरच्या, कांडपाची धडधड, सगळ्या हवेत तिखट. येणारा जाणारा प्रत्येकजण शिंकतोय, डोळे पुसतोय. मला बरं वाटलं. एका दुकानाच्या पायरीला टेकून मी रडले, चांगली हुंदके देऊन रडले, आणि मसालेवाला म्हणाला, "काकी, संकेश्वरी मिरची आज जास्त झोंबते, बाजूला उभ्या राहा." गावात असं रडले असते तर आठ घरची माणसं जमली असती. त्या एका गोष्टीसाठी मी मुंबईचे आभार मानते.

निघताना वन्संनी मसाल्याचा अर्धा पुडा दादासाठी माझ्या पिशवीत घातला. तुळस कुंडीत आडवी पडली होती, पानं काळी. वन्सं म्हणाल्या, "जगेल गो, तुळस अशी मरत नाही." त्या वाक्यात मला माफी होती की नाही, मी विचारलं नाही.

घरी

शनिवारी सकाळी पोचले. बसमध्ये सगळी रात्र मी खोटं घोकलं होतं. मिसचं नाव सांगायचं, एक इंग्रजी शब्द सांगायचा, चिठ्ठी चुलीत घालायची. ओटीवर हे खाटेवर बसलेले, दाढी केलेली. दिराने सांगितलं, आज येणार म्हणून पहाटेपासून दाढी कर म्हणत होते. येणार म्हणजे मी नव्हे, शिंपला.

डावा हात पुढे केला. "नाव?"

मी मलमल त्यांच्या हातात दिली. घोकलेलं सगळं ओठाशी होतं. त्यांनी मलमल सोडली आणि अंगठा शिंपल्यावरून फिरवला. एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. जिथे रेघा होत्या तिथे अंगठा थांबला, आणि पुन्हा फिरला, आणि पुन्हा थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"आमसुलात," मी म्हटलं. "मीच. तुमचा मान राखायला म्हणून."

पुढचंही सगळं सांगितलं. परब, मिस, तुळस, चिठ्ठी. चिठ्ठी वाचून दाखवली. 'ठिकाण अनिश्चित' दोनदा वाचलं. वाटलं, आता ओरडतील. आजारी असले म्हणून काय झालं, नवरा आहे, एक शिवी तरी देतील. मी वाट बघत होते त्या शिवीची. त्यांनी वही मागितली. आजारपणात त्यांची वही मीच लिहिते. तो नंबर काढला. ठिकाण, तारीख, खोली, माती, सगळं त्यांच्या जुन्या सरळ अक्षरात. शेवटचा रकाना, नाव, रिकामा.

"लिही," म्हणाले.

"काय लिहू?"

बराच वेळ शब्द जुळवत राहिले. "घरी... धुतला."

माझं नाव नाही सांगितलं. घरी म्हणाले. मी लिहिलं.

त्यानंतर त्यांनी शिंपल्याला हात लावला नाही. 'नाव' हा शब्द बंद झाला. आठ दिवस असेच गेले. मी वन्संचा मसाला घालून तिसऱ्या केल्या, यांनी दोन घास खाल्ले. नवव्या दिवशी मी ओटी झाडत होते, तर खाटेवरून त्यांनी पेटीकडे बोट केलं. मला वाटलं, उघड म्हणतायत. मी झाडू टाकून धावले, कडी काढली.

"बाकीचे पण," ते म्हणाले. शांत, रागाचा लवलेश नाही. "बाकीचे पण धू."

तीस वर्षं मी हेच मागत होते. मी पेटी लावून टाकली. म्हटलं, "नाही धुणार. मेले तरी नाही धुणार." त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

पेटी ओटीवर आहे. प्रत्येक दगडाची माती त्याच्या अंगावर आहे. आता मी पेटीभोवतीची धूळही झाडत नाही. ते तिकडे बघत नाहीत.